गोमा दोनदा पडले, तेव्हा शांतिसैनिक तिथेच होते

दीपस्तंभ (धागाकर्ता)

पूर्व कांगोमधील गोमा हे किवू सरोवराच्या काठावरचे, रवांडाच्या सीमेला अगदी खेटून वसलेले शहर २० नोव्हेंबर २०१२ रोजी एम-२३ या बंडखोर संघटनेने घेतले, तेव्हा संयुक्त राष्ट्रांचे सुमारे दीड हजार शांतिसैनिक शहरात हजर होते. जानेवारी २०२५ च्या अखेरीस त्याच संघटनेने रवांडाच्या सैन्याच्या मदतीने तेच शहर पुन्हा घेतले, आणि तेव्हाही शांतिसैनिक हजर होते. मधल्या बारा वर्षांत या मोहिमेवर दर वर्षी शंभर कोटी डॉलरच्या घरात खर्च होत राहिला. एवढ्यावरून ‘शांतिसेना म्हणजे निळ्या टोप्या घालून उभे राहिलेले प्रेक्षक’ असा निकाल देणे सोपे आहे, आणि आपल्याकडच्या चर्चांमध्ये तो दिलाही जातो. मला तो अपुरा वाटतो, कारण याच गोमाच्या वेशीवर बंडखोर दोनदा थांबलेलेही आहेत आणि त्या दोन्ही वेळी तेथे भारतीय सैनिक उभे होते.

नोव्हेंबर २००६ मध्ये लॉरां एन्कुंडा या बंडखोर सेनानीच्या फौजा गोमाच्या पश्चिमेला असलेल्या साके गावापर्यंत आल्या. कांगोच्या सैनिकांनी जागा सोडली होती. गोमा ज्या प्रांतात येते त्या उत्तर किवूमधील भारतीय ब्रिगेडने चिलखती वाहने रस्त्यावर आणली, लढाऊ हेलिकॉप्टरांनी मारा केला आणि एन्कुंडाचे सैन्य मागे हटले. ऑक्टोबर २००८ मध्ये तो पुन्हा आला. या खेपेस संयुक्त राष्ट्रांच्या सेनेचे स्पॅनिश सेनापती पदावर येऊन काही आठवडेच झाले असताना राजीनामा देऊन निघून गेले होते, आणि कांगोचे सैन्य तर गोमामधून लूट करत पळाले होते. बंडखोर आणि शहर यांच्यामध्ये शांतिसैनिकांखेरीज कोणी उरले नव्हते. एन्कुंडाने शहराबाहेर थांबून एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केली. पुढे आपले सरसेनाध्यक्ष झालेले बिपिन रावत यांनी त्या काळात उत्तर किवू ब्रिगेडचे नेतृत्व केले होते.

मग २०१२ मध्ये काय बदलले? एक बदल साधनांचा होता. भारताने आपली लढाऊ हेलिकॉप्टरे २०११ मध्ये कांगोमधून परत आणली होती, आणि ती देऊ शकणारे देश फार थोडे आहेत. युक्रेनच्या हेलिकॉप्टरांनी २०१२ मध्ये बंडखोरांवर मारा केला, पण तो अपुरा पडला. दुसरा बदल अधिक मोलाचा आहे. मोहिमेचे काम कांगोच्या सैन्याला ‘साहाय्य’ करण्याचे होते, आणि ज्याला साहाय्य करायचे तेच सैन्य निघून गेल्यावर भर वस्तीत एकट्याने लढावे की न लढावे, याचे उत्तर ठरावात लिहिलेले नव्हते. सेनापती तेव्हा भारताचे लेफ्टनंट जनरल चंदर प्रकाश होते. फ्रान्सच्या परराष्ट्रमंत्र्यांनी या निष्क्रियतेवर जाहीर टीका केली. मात्र मोहिमेचे ठराव वर्षानुवर्षे सुरक्षा परिषदेत फ्रान्सच मांडत आला आहे, ही गोष्ट त्या टीकेत आली नाही.

पुढची घडामोड या धाग्याच्या दृष्टीने सर्वांत बोलकी आहे. मार्च २०१३ मध्ये सुरक्षा परिषदेने २०९८ क्रमांकाचा ठराव करून दक्षिण आफ्रिका, टांझानिया आणि मलावी यांच्या सुमारे तीन हजार सैनिकांची ‘हस्तक्षेप ब्रिगेड’ उभी केली आणि सशस्त्र गटांवर स्वतःहून हल्ला करण्याची स्पष्ट मुभा तिला दिली. नोव्हेंबर २०१३ पर्यंत एम-२३ चा पाडाव झाला. ‘पाहा, मुभा दिली की शांतिसेना जिंकते’ असे तेव्हा अनेकांनी लिहिले. पण त्याच काळात एम-२३ ला शस्त्रे आणि माणसे रवांडातून मिळतात, हे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने उघड केले होते, अमेरिका आणि युरोपातील अनेक देशांनी रवांडाची मदत थांबवली किंवा लांबणीवर टाकली होती, आणि शेवटच्या चढाईच्या वेळी किगालीने, म्हणजे रवांडाच्या सरकारने, हात आखडता घेतला होता. रसद तुटलेल्या बंडखोरांशी तीन हजार सैनिक लढले, म्हणून ते जिंकले. २०२५ मध्ये तीच ब्रिगेड कागदावर होती, तीच मुभा होती, पण समोर रवांडाचे हजारो सैनिक होते आणि त्यांच्या सरकारला कोणीही वेळेवर रोखले नव्हते. परिषदेने रवांडाचे नाव घेऊन सैन्य मागे घेण्यास सांगितले, तो ठराव २१ फेब्रुवारी २०२५ चा आहे. तोवर गोमाच काय, दक्षिण किवू प्रांताची राजधानी बुकावूही गेली होती.

हाच धागा आणखी मागे नेता येतो. कांगो ३० जून १९६० रोजी बेल्जियमपासून स्वतंत्र झाला आणि दोनच आठवड्यांत खनिजसंपन्न कटांगा प्रांत मोईज चोंबे यांच्या नेतृत्वाखाली फुटून निघाला. चोंबेंच्या मागे बेल्जियन अधिकारी, भाडोत्री युरोपीय सैनिक आणि ‘युनियों मिनिएर’ या खाणकंपनीचा पैसा होता. जुलै १९६० मध्ये गेलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सेनेला आरंभी फक्त स्वसंरक्षणार्थ गोळी चालवण्याची परवानगी होती. पदच्युत पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांची जानेवारी १९६१ मध्ये हत्या झाल्यावर परिषदेने यादवी रोखण्यासाठी शेवटचा उपाय म्हणून बळ वापरण्यास संमती दिली आणि भारताची पूर्ण ब्रिगेड कांगोला पोहोचली. ५ डिसेंबर १९६१ रोजी एलिझाबेथव्हिल येथे, म्हणजे आजच्या लुबुंबाशीमध्ये, रस्ता अडवून बसलेल्या शत्रूवर थोड्याशा गुरखा जवानांनिशी चाल करून जाताना कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना वीरमरण आले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. भारताची कॅनबेरा विमानेही त्या लढाईत होती. तरीही कटांगाचा प्रश्न आणखी वर्षभर रेंगाळला. तो सुटला जानेवारी १९६३ मध्ये, अमेरिकेने आपले वजन एका बाजूला टाकल्यावर. तेव्हा ब्रिगेडियर रेजिनाल्ड नोरोन्हा यांची भारतीय तुकडी लुफिरा नदी ओलांडून जादोव्हिल शहरात शिरली. न्यूयॉर्क, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचे मुख्यालय, तिला थांबवण्याच्या विचारात होते, पण तो संदेश पोहोचेपर्यंत काम झाले होते.

माझे म्हणणे थोडक्यात असे की शांतिसेना किती परिणामकारक ठरेल, हे तिच्या बंदुकांच्या संख्येपेक्षा युद्धाला बाहेरून खतपाणी घालणाऱ्यावर किती दाब येतो यावर ठरते, आणि तो दाब आणणे शांतिसैनिकाच्या हातात कधीच नसते. या विधानाला छेद देणारी उदाहरणे वाचायला आवडतील.

गावकरी

लेख माहितीपूर्ण आहे, पण मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. स्थापनेपासून आजवर भारताने पन्नासहून अधिक मोहिमांना अडीच लाखांहून कितीतरी अधिक सैनिक दिले आणि सुमारे १८० जणांचे प्राण गमावले, जे कोणत्याही देशापेक्षा जास्त आहेत. जुलै २०२२ मध्ये बुटेंबो येथे मोहिमेच्या तळावर जमाव चालून आला, त्यात सीमा सुरक्षा दलाचे दोन जवान मारले गेले. ज्या लोकांच्या रक्षणासाठी ते गेले होते, त्याच लोकांच्या वस्तीत हे घडले. या सगळ्याच्या बदल्यात आपल्याला सुरक्षा परिषदेत कायमची जागा मिळेल असे साठ वर्षे सांगितले जात आहे. ती मिळालेली नाही, मिळण्याचे चिन्हही नाही. शेजाऱ्यावर दाब आणण्याचा अधिकार पाच देशांना, आणि गोळ्या खाण्याचे काम भारत, बांगलादेश, नेपाळ, पाकिस्तान, इथिओपिया, रवांडा यांना, ही वाटणी कोणाला न्याय्य वाटते?

तळटीप

गावकरी यांनी दिलेल्या यादीत रवांडाचे नाव आहे, ते योग्यच आहे. रवांडा हा शांतिसैनिक पुरवणाऱ्या सर्वांत मोठ्या देशांपैकी एक आहे. त्याचे सैन्य दक्षिण सुदान आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात निळे शिरस्त्राण घालून पहारा देते आणि त्याच वेळी कांगोत सीमा ओलांडते. त्याच्यावर निर्बंध घालताना परिषद का कचरते, याचे एक कारण येथे आहे. धागाकर्त्यांच्या मांडणीत हा मुद्दा यायला हवा होता.

पैशाबद्दल थोडे. संयुक्त राष्ट्रे प्रत्येक सैनिकामागे महिन्याला १४०० डॉलरच्या थोडे वर रक्कम त्याच्या सरकारला देतात, सैनिकाला नव्हे. वाहने, शस्त्रे, तंबू यांचे भाडे वेगळे. लहान देशांच्या लष्करांना या रकमेचे महत्त्व आहे. भारताच्या संरक्षण खर्चात ती नगण्य आहे, शिवाय ती वेळेवर येत नाही. त्यामुळे ‘पैशासाठी जातात’ हा आक्षेप निदान भारताच्या बाबतीत टिकत नाही.

आता परिणामकारकतेच्या आकड्यांकडे. संयुक्त राष्ट्रांच्याच अंतर्गत तपासणी कार्यालयाने २०१४ मध्ये दिलेला अहवाल कठोर आहे. २०१० ते २०१३ या काळात नागरिकांवरील हल्ल्यांच्या ५०७ घटनांपैकी जेमतेम २० टक्के घटनांत ठिकठिकाणच्या मोहिमांनी तत्काळ काही प्रतिसाद दिला, आणि बळाचा वापर तर जवळजवळ कधीच केला नाही, असे त्यात म्हटले आहे. दुसऱ्या बाजूला कोलंबिया विद्यापीठातील व्हर्जिनिया पेज फोर्टना यांनी यादवी युद्धांनंतरच्या शांततेचा तौलनिक अभ्यास केला, आणि जेथे शांतिसैनिक होते तेथे युद्ध पुन्हा भडकण्याचा धोका निम्म्याहून अधिक घटलेला त्यांना आढळला. शांतिसेना सोप्या ठिकाणी जाते म्हणून आकडे चांगले दिसतात, ही शंकाही त्यांनी तपासली. सेना उलट अवघड ठिकाणीच जास्त पाठवली जाते.

हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात, पण नाहीत. पहिला निष्कर्ष हल्ला चालू असताना काय झाले याचा आहे आणि दुसरा पुढच्या काही वर्षांत युद्ध परतले का याचा आहे. नामिबियात १९८९-९० मध्ये लेफ्टनंट जनरल दिवाण प्रेमचंद यांच्या सेनापतित्वाखालील मोहिमेने निवडणुका पार पाडल्या आणि २१ मार्च १९९० रोजी देश स्वतंत्र झाला. मोझांबिकमधली १९९२ ते १९९४ ची मोहीमही कामगिरी उरकून परतली. अशा मोहिमा कोणाच्या लक्षात राहत नाहीत, कारण सांगण्यासारखे काही घडलेच नाही.

सुभेदार_मागचा

मी निवृत्त सैनिक आहे आणि उत्तर किवूमध्ये काही काळ नेमणुकीस होतो. वर्तमानपत्रात ‘शांतिसैनिक पाहत राहिले’ असे छापून येते, तेव्हा जमिनीवरची परिस्थिती काय असते, हे सांगणे आवश्यक वाटते.

एका कंपनीच्या तळावर शंभर-सव्वाशे माणसे असतात. त्यांतील स्वयंपाकी, चालक, वायरलेसवाले आणि पहारा वजा केला की गस्तीस निघण्यास तीस-चाळीस उरतात. त्यांच्या वाट्याला येणारा मुलूख आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढा असतो, रस्ते पावसाळ्यात अस्तित्वात नसतात आणि लोक स्वाहिली किंवा किन्यारवांडा बोलतात. नोव्हेंबर २००८ मध्ये किवांजा या गावात एन्कुंडाच्या माणसांनी सुमारे दीडशे नागरिकांना ठार केले. भारतीय सैनिकांचा तळ तेथून मैलभराच्या आत होता. मानवाधिकार संघटनांनी त्यावर सडकून टीका केली आणि ती चुकीची नव्हती. पण तळावर दुभाष्यांची वानवा होती, गोळीबार कोण कोणावर करत आहे हे कळण्याचा मार्ग नव्हता, आणि लोक घराघरांत मारले जात आहेत ही बातमी वेळेत आत आलीच नाही. त्यानंतर मोहिमेने स्थानिक संपर्क सहायक नेमले, गावागावांत फोन देऊन इशारा देण्याची पद्धत बसवली. माझ्या मते कांगोतील मोहिमेने केलेली सर्वांत उपयुक्त सुधारणा हीच आहे. हस्तक्षेप ब्रिगेड तिच्यानंतर येते.

दुसरी गोष्ट आदेशांची. कागदावर सर्व तुकड्या सेनापतीच्या हुकमतीखाली असतात. प्रत्यक्षात अवघड आदेश आला की तुकडीप्रमुख आपल्या राजधानीला फोन करतो. काही देश आधीच लेखी अटी घालतात की आमचे सैनिक अमुक जिल्ह्याबाहेर जाणार नाहीत, रात्री गस्त घालणार नाहीत. काही देश अटी लिहून देत नाहीत, पण ऐन वेळी सांगतात. गोळी चालवली आणि चुकीचा माणूस मेला, तर चौकशी त्या अधिकाऱ्याची होते. गोळी चालवली नाही आणि गावातली शंभर माणसे मेली, तर अहवाल मोहिमेवर लिहिला जातो. कोणता अधिकारी कोणता धोका पत्करेल, हे वेगळे सांगायला नको. २०१७ मध्ये ब्राझीलचे जनरल सांतुस क्रूझ यांनी, जे २०१३ मध्ये कांगोत सेनापती होते, याच भित्र्या बचावात्मक वृत्तीवर बोट ठेवणारा अहवाल दिला होता. त्यांच्याशी मी बहुतांशी सहमत आहे, फक्त ही वृत्ती सैनिकाच्या अंगात नसून त्याच्या फाइलमध्ये असते एवढी भर घालेन.

निळावंती

धागाकर्त्यांनी छेद देणारी उदाहरणे मागितली आहेत, म्हणून रवांडाचेच १९९४ चे देते. त्या वेळी बाहेरून दाब येण्याची गोष्टच सोडा, परिषदेने उलट केले. सेनापती रोमिओ दॅलेर यांनी ११ जानेवारी १९९४ रोजी न्यूयॉर्कला तार करून शस्त्रसाठे आणि कत्तलीची तयारी यांची माहिती दिली होती. धाडी घालण्याची परवानगी नाकारली गेली. ७ एप्रिल रोजी दहा बेल्जियन शांतिसैनिक मारले गेले, बेल्जियमने सैन्य काढून घेतले आणि परिषदेने २१ एप्रिलला मोहीम २७० माणसांवर आणण्याचा ठराव केला. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे मारली गेली. तरीही दॅलेर आणि मुख्यतः घानाचे काही शे सैनिक थांबले, आणि किगालीतील अमाहोरो मैदानासारख्या जागी त्यांनी हजारो लोकांना जगवले. त्यांच्याकडे दारूगोळा नव्हता, पाठबळ नव्हते, परवानगी तर नव्हतीच. केवळ ते तेथून हलले नाहीत.

दक्षिण सुदानमध्ये डिसेंबर २०१३ मध्ये राजधानी जुबात कत्तल सुरू झाली, तेव्हा मोहिमेने तळांची फाटके उघडली. पुढे या तळांलगतच्या छावण्यांत दोन लाखांहून अधिक लोक वर्षानुवर्षे राहिले. अकोबो येथे त्याच महिन्यात तळावर चालून आलेल्या जमावाने दोन भारतीय सैनिकांना मारले, तरी फाटके बंद झाली नाहीत. लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर तेथे सेनापती असताना, २०२० पासून, या छावण्यांचा पहारा टप्प्याटप्प्याने सरकारकडे देण्यास सुरुवात झाली, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसावे. राजकीय तोडगा नसतानाही नुसत्या उभे राहण्याने इतकी माणसे वाचत असतील, तर ‘बाहेरच्या दाबावरच सारे ठरते’ हे विधान फार व्यापक आहे.

आणि एक गोष्ट या धाग्यात अजून कोणीच काढलेली नाही. शांतिसैनिकांपासून लोकांचे रक्षण कोण करणार? कांगोमध्ये २००४ च्या सुमारास अन्नाच्या बदल्यात अल्पवयीन मुलींचे लैंगिक शोषण झाल्याचे उघड झाले. हैतीमधून २००७ मध्ये श्रीलंकेच्या शंभरहून अधिक सैनिकांना अशाच आरोपांवरून परत पाठवले गेले. संयुक्त राष्ट्रे सैनिकाला फक्त घरी पाठवू शकतात. खटला चालवणे त्याच्या देशाच्या हाती असते आणि तो बहुधा चालत नाही. हैतीतच २०१० मध्ये नेपाळी तुकडीच्या छावणीतील मैला आर्तिबोनित नदीच्या उपनदीत गेला आणि कॉलऱ्याच्या साथीत सुमारे दहा हजार माणसे दगावली. सरचिटणीस बान की-मून यांनी माफी मागितली ती डिसेंबर २०१६ मध्ये, आणि न्यायालयात संस्थेने कायदेशीर संरक्षणाची ढाल पुढे केली. परिणामकारकता मोजताना हे वजा कोणत्या रकान्यात करायचे?

दीपस्तंभ

निळावंती, अमाहोरो आणि जुबा ही उदाहरणे भक्कम आहेत. मी ‘परिणाम’ हा शब्द युद्ध थांबण्याच्या अर्थाने वापरला होता. फाटकाच्या आत आलेल्या माणसाचा जीव वाचणे हा वेगळा आणि तितकाच खरा परिणाम आहे. मात्र २०२५ मध्ये गोमातही मोहिमेच्या तळावर शेकडो कांगोली सैनिकांनी आसरा घेतला, ते वाचले आणि नंतर रेडक्रॉसच्या देखरेखीखाली राजधानी किन्शासाला गेले. शहर मात्र गेले ते गेलेच. दक्षिण सुदानमधल्या त्या दोन लाख लोकांपैकी कितीतरी जण सात वर्षांनंतरही तंबूतच होते. फाटक उघडणे आणि माणसाला घरी परत जाता येणे यांमधले अंतर शांतिसेना भरून काढू शकत नाही.

जबाबदारीच्या प्रश्नावर माझ्याकडे प्रतिवाद नाही. सैनिक देणाऱ्या देशांना नाराज केले तर पुढच्या वेळी सैनिक कोण देणार, या भीतीने न्यूयॉर्क गप्प बसते. येथेही सत्ता आणि जोखीम यांची वाटणीच आडवी येते, जी गावकरी यांनी वर मांडली आहे.

पाऊलवाट

आपल्याकडे शांतिसेना म्हटले की पन्नाशीच्या पुढच्या कोणालाही प्रथम श्रीलंका आठवते. जुलै १९८७ च्या करारानंतर गेलेली आणि मार्च १९९० मध्ये परतलेली भारतीय शांतिसेना, जिच्यात अकराशेहून अधिक जवान कामी आले. तिचा या चर्चेत समावेश का नाही?

दीपस्तंभ

ती संयुक्त राष्ट्रांची मोहीम नव्हती, म्हणून घेतली नाही, पण तुलना उपयोगी आहे. तो करार राजीव गांधी आणि जयवर्धने यांच्यात झाला. ज्यांनी शस्त्रे खाली ठेवायची होती, त्या एलटीटीईची त्यावर सही नव्हती. ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफन्यात ‘ऑपरेशन पवन’ सुरू होताच ती सेना पंच राहिली नाही, एक पक्ष झाली. पुढे प्रेमदासा अध्यक्ष झाले आणि त्यांनीच तिला जाण्यास सांगितले. संमती गेली की पाय रोवून राहता येत नाही. मे १९६७ मध्ये नासर यांनी सिनाई आणि गाझामधील संयुक्त राष्ट्रांच्या सेनेला जाण्यास सांगितले तेव्हा, आणि जून २०२३ मध्ये माली सरकारने तेच केले तेव्हा, दुसरे काही घडले नाही. १९६७ मध्ये त्या सेनेचे सेनापती आपले मेजर जनरल इंदरजित रिखी होते, आणि माघार पुरी होण्याआधीच युद्ध पेटल्याने गाझात भारतीय सैनिक मारले गेले.

सुभेदार_मागचा

मराठा लाइट इन्फन्ट्रीचे लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार यांचे नाव या धाग्यात यायलाच हवे. १९९२ मध्ये पूर्वीच्या युगोस्लाव्हियातील मोहिमेचे ते पहिले सेनापती होते आणि वर्षभराने, मार्च १९९३ मध्ये, मुदतवाढ न घेता परतले. ते परतल्यावर पुढच्याच महिन्यात परिषदेने बोस्नियातील स्रेब्रेनित्सा हे शहर ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केले. अशी क्षेत्रे राखण्यासाठी ३४ हजार सैनिक लागतील, असे सेनापतींचे म्हणणे होते. परिषदेने ७,६०० मंजूर केले. जुलै १९९५ मध्ये काही शे डच सैनिकांच्या डोळ्यांदेखत ते क्षेत्र पडले आणि आठ हजारांच्या आसपास पुरुष आणि मुलगे मारले गेले. जगाने दोष डचांना दिला. ३४ आणि ७.६ यांमधली वजाबाकी करणारे राजदूत कोणाच्या लक्षात नाहीत.

आता धागाकर्त्यांच्या मुद्द्याला बळ देणारे एक उदाहरण. मे २००० मध्ये सिएरा लिओनमध्ये आरयूएफच्या बंडखोरांनी सुमारे पाचशे शांतिसैनिकांना ओलीस धरले. कैलाहून येथे गुरखा पलटणीच्या दोन भारतीय कंपन्या दोन महिन्यांहून अधिक काळ वेढ्यात होत्या. जुलैमध्ये मेजर जनरल विजयकुमार जेटली यांच्या नेतृत्वाखाली ‘ऑपरेशन खुकरी’ झाले, भर पावसात हेलिकॉप्टरे आणि चिलखती गाड्या घेऊन आपल्या माणसांनी वेढा फोडला. हवालदार कृष्णकुमार त्यात शहीद झाले. ही कारवाई आपल्या लष्करात अभिमानाने शिकवली जाते. परंतु नायजेरियन वरिष्ठांवर हिऱ्यांच्या व्यवहाराचा ठपका ठेवणारे जेटलींचे टिपण फुटले, भांडण झाले आणि भारताने तुकडी काढून घेतली.

विशेष म्हणजे मोहीम त्यानंतर यशस्वी झाली. ब्रिटनने स्वतंत्रपणे सैन्य उतरवले होते, गिनीच्या फौजांनी आरयूएफला सीमेवर झोडपले, आणि २००१ मध्ये परिषदेने आरयूएफचे पाठीराखे असलेले लायबेरियाचे अध्यक्ष चार्ल्स टेलर यांच्या हिरे-व्यापारावर निर्बंध घातले, म्हणजे बंडखोरांची तिजोरीच आवळली. २००२ च्या आरंभापर्यंत सत्तर हजारांहून अधिक लढवय्यांनी शस्त्रे ठेवली, मे महिन्यात निवडणुका झाल्या, २००५ च्या अखेरीस शांतिसेना परतली आणि सिएरा लिओन आजवर पुन्हा यादवीत गेलेला नाही. शेजारी टेलर होता, त्याला कोणी वाली नव्हता. किगालीचे तसे नाही.

गावकरी

मग निष्कर्ष हाच ना, की भारताने यातून बाहेर पडावे? ऑक्टोबर २०२५ मध्ये पैशाअभावी नऊ मोहिमांतील जवळजवळ एक चतुर्थांश शांतिसैनिक कमी करण्याचे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केले. लेबनॉनमधील १९७८ पासूनची मोहीम, जेथे १९९८ पासून आपली बटालियन आहे, ती २०२६ च्या अखेरीस बंद होणार आहे. दुकान आवरायलाच निघाले असेल, तर शेवटपर्यंत गल्ल्यावर आपणच का बसायचे?

तळटीप

बाहेर पडण्याने सुरक्षा परिषदेवर काही परिणाम होईल असे वाटत नाही. रिकामी जागा दुसरा देश घेईल किंवा भाडोत्री कंपनी घेईल. मालीमध्ये शांतिसेना निघाली तेव्हा रशियन भाडोत्री आधीच येऊन बसले होते, आणि त्या देशातील हिंसाचार त्यामुळे थांबला नाही. दक्षिण किवूमधून मोहीम जून २०२४ मध्ये किन्शासाच्या आग्रहावरून निघाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बुकावू पडले. ती असती तर वाचले असते असे गोमाकडे पाहून म्हणवत नाही, पण मोहीम नसलेल्या शहरात घडलेल्या गोष्टींची नोंद ठेवणाराही कोणी उरला नाही, हे मात्र दिसले.

सुभेदार_मागचा

बाहेर पडणे आणि आहे तसे चालू ठेवणे यांच्या मध्ये एक तिसरी वाट आहे, आणि ती संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतच लिहिलेली आहे. अनुच्छेद ४४ प्रमाणे, परिषदेचा सदस्य नसलेल्या देशाकडून बळाच्या वापरासाठी सैन्य मागायचे असेल, तर त्याला त्या सैन्याच्या वापराविषयीच्या निर्णयात सहभागी होण्यास बोलावले पाहिजे. भारत वर्षानुवर्षे याचा उल्लेख करत आला आहे, २०१५ च्या शिखर बैठकीत पंतप्रधानांनीही सैनिक देणाऱ्या देशांना निर्णयात स्थान नसल्याचे बोलून दाखवले. उल्लेखाने काही होत नाही. २०११ मध्ये हेलिकॉप्टरे परत आणली तेव्हा सरचिटणीसांपासून सर्वांनी विनवण्या केल्या होत्या, म्हणजे आपल्याकडे काय आहे याची जाणीव त्यांना आहे. तेव्हा ती परत आणताना आपण अट काहीच घातली नाही, आपल्याला देशात गरज आहे एवढेच सांगितले. पुढच्या वेळी लढाऊ हेलिकॉप्टरे, मैदानी रुग्णालय किंवा अभियंत्यांची तुकडी मागितली जाईल, तेव्हा ठरावाचा मसुदा आधी दाखवा, शेजारी देशाबद्दल त्यात काय लिहिले आहे ते वाचू द्या आणि मग बोलू, असे लेखी उत्तर दिल्लीने द्यावे.